‘टिटवी’ चालेल, ‘कोकम’ चालणार नाही

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोर्ली नावाची एकाहून अधिक गावे आहेत. मुरूड तालुक्यात बोर्ली मांडला आहे आणि तेथून दक्षिणेला, राजपुरीची खाडी ओलांडली की श्रीवर्धन तालुक्यात बोर्ली पंचतन आहे. पाकिटावर नुसते ‘बोर्ली’ लिहिले तर पोस्टमनने ते कोणत्या बोर्लीला न्यावे? म्हणून गावाच्या नावापुढे आणखी एक शब्द आला. ‘पंचतन’ म्हटले की ही बोर्ली निराळी आणि ती निराळी, हे कोणालाही कळते.

विद्यार्थी मित्रहो, बाजारातही नेमकी हीच अडचण असते. दुकानाच्या फळीवर दहा साबण मांडलेले असतात. रंग सारखा, आकार सारखा, वासही जवळजवळ सारखा. मागच्या महिन्यात आणलेला, घरात सर्वांना आवडलेला साबण त्यांतला कोणता? ते ओळखण्यासाठी उत्पादक आपल्या मालावर जी खूण करतो तिला व्यापारचिन्ह किंवा ट्रेडमार्क म्हणतात. ती खूण शब्दाची असेल, चित्राची असेल, अक्षरांची किंवा आकड्यांचीही असेल. सरकारदरबारी तिची नोंद करता येते आणि नोंद झाली की दुसऱ्या कोणाला तशा मालावर ती खूण वापरता येत नाही.

येथपर्यंत सोपे आहे. अवघड प्रश्न पुढेच आहे. नोंद केल्यावर शब्द जर एकाच्याच हाती जाणार असेल, तर कोणता शब्द असा देऊन टाकावा आणि कोणता देऊ नये? शब्द तर आपण सर्वजण बोलतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थोडे व्याकरण लागेल, थोडे रसायनशास्त्र लागेल आणि एक बाटली कोकम सरबतही लागेल!

सरबताला नाव काय द्यावे?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन–दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळीचे नवे रोप लावले तर सुपारी हाती यायला कित्येक वर्षे जातात. अशा वेळी घराला आधार असतो तो रातांबे, फणस, आंबे यांपासून केलेल्या चार टिकाऊ पदार्थांचा. आता असे समजा की, बोर्ली पंचतनमध्ये तुमच्या आईने आणि शेजारच्या काकूंनी मिळून रातांब्याचे सरबत बाटल्यांत भरून विकायचे ठरवले आहे. सरबत उत्तम झाले आहे. लेबल छापायचे आहे आणि नाव सुचवण्याचे काम तुमच्यावर आले आहे.

पहिली सूचना अर्थातच ‘कोकम सरबत’. हे नाव तुम्ही बाटलीवर खुशाल छापा. पण त्याची नोंद होणार नाही. का बरे? ‘कोकम’ हे त्या वस्तूचेच नाव आहे. ते एकट्या तुमच्या नावे झाले, तर श्रीवर्धनपासून सावंतवाडीपर्यंत जे हजारो लोक कोकम सरबत करतात त्यांनी आपल्या बाटलीवर काय लिहायचे? ‘तांबडे आंबट पाणी’?

मग ‘गोड कोकम’? ‘शुद्ध’? ‘ताजे’? ‘उत्तम’? यांपैकी एकही चालणार नाही. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे नववे कलम सांगते की मालाचा प्रकार, गुण, प्रमाण, उपयोग, किंमत किंवा तो कोठे व केव्हा झाला एवढेच सांगणारा शब्द नोंदवता येत नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर वस्तूचे सामान्यनाम आणि तिची साधी विशेषणे सर्वांसाठी मोकळी ठेवलेली आहेत. शुद्धलेखन बिघडवूनही सुटका होत नाही. ‘कोकऽम्म’ असे लिहिले तरी ऐकणाऱ्याला ते कोकमच ऐकू येते. भाषा बदलूनही उपयोग नाही. एका कंपनीला वनस्पती तुपासाठी ‘रसोई’ हा शब्द हवा होता. तो इंग्रजी अक्षरांत लिहिला काय किंवा कसाही लिहिला काय, स्वयंपाकाच्या तुपाला ‘रसोई’ म्हणणे हे निव्वळ वर्णन आहे, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने १९५५ साली म्हटले.

मोठ्या कंपन्यांनाही हा नियम चुकलेला नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीने खाद्यतेलासाठी ‘लोसॉर्ब’ हे नाव नोंदवले होते. तळताना पदार्थात तेल कमी शोषले जाते, असा त्याचा रोख. प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्या तेलावर ‘लो ॲब्सॉर्ब टेक्नॉलॉजी’ असे छापले तेव्हा मॅरिको न्यायालयात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तिची मागणी फेटाळली. तेल कमी शोषले जाते हे सांगण्यासाठी ‘कमी शोषण’ हेच शब्द लागणार. ते एकाला देऊन कसे चालेल? तुमच्या प्रयोगवहीतले निरीक्षण जितके सर्वांचे, तितकेच हे शब्दही सर्वांचे.

आता तुमच्यातला एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, “‘आगळ’ हा शब्द घेऊ.” रातांब्याचा मीठ घातलेला रस म्हणजे आगळ, हे कोकणात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तेव्हा तेही गेले. ‘आगळीक’ मात्र चालू शकेल! त्यात आगळची आठवण आहे, पण ते पदार्थाचे नाव नाही आणि वर्णनही नाही. नुसता इशारा आहे. अशा नुसत्या सुचवणाऱ्या शब्दांकडे कायदा बऱ्या नजरेने पाहतो.

त्याहून भक्कम नाव हवे असेल तर मालाशी काडीचाही संबंध नसलेला शब्द घ्यावा. उदाहरणार्थ, ‘टिटवी’. सरबताचा आणि टिटवीचा काय संबंध? काहीच नाही, आणि म्हणूनच ते उत्तम व्यापारचिन्ह होते. ‘टिटवी सरबत’ म्हटले की ग्राहकाला त्यातून सरबताचा गुण कळत नाही, फक्त ते कोणाचे आहे एवढेच कळते. टिटवीचे ओरडणे काही लोक अशुभ मानतात खरे. पण तो विक्रीचा प्रश्न झाला, नोंदणीचा नव्हे. सर्वांत भक्कम म्हणजे कोणत्याच भाषेत नसलेला, स्वतः घडवलेला शब्द. तो घेताना आपण भाषेतून काहीच काढून घेत नाही, उलट तिच्यात एकाची भर घालतो.

आणि ‘बोर्ली’ हे नाव?

गावाचा अभिमान सर्वांनाच असतो. ‘बोर्ली सरबत’ असे नाव का नको? येथे तोच न्याय लागतो. उद्या बोर्लीतल्याच दुसऱ्या आळीत कोणी सरबत करू लागले, तर त्यालाही आपला माल बोर्लीचा आहे हे सांगण्याचा हक्क आहे. ठिकाणाचे नाव हे एक प्रकारचे वर्णनच आहे. १९७७ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे ‘सिमला’ या सिगारेटच्या नावाचे प्रकरण आले होते. इतक्या प्रसिद्ध शहराचे नाव एका कंपनीच्या स्वाधीन करता येणार नाही, असा निकाल लागला.

मात्र जेथे तो माल होणे शक्यच नाही अशा ठिकाणाचे नाव चालते. वकिलांचे आवडते उदाहरण आहे ‘उत्तर ध्रुव केळी’. उत्तर ध्रुवावर केळीच्या बागा आहेत असे कोणालाही वाटणार नाही. तेव्हा तो शब्द तेथे वर्णन करीत नाही, नुसती खूण करतो.

तुम्ही विचाराल, मग ‘पार्ले’ बिस्किटांचे काय? मुंबईचे विलेपार्ले हे तर खरेखुरे ठिकाण आहे आणि बिस्किटांचा कारखानाही तेथेच होता! शंका अगदी रास्त आहे. कायद्यात यासाठी एक खिडकी ठेवली आहे. एखादे नाव अर्ज करण्यापूर्वीच वर्षानुवर्षे वापरून लोकांच्या मनात एकाच उत्पादकाशी घट्ट बांधले गेले असेल, तर मुळात ते ठिकाणाचे किंवा वर्णनाचे असूनही नोंदले जाऊ शकते. १९२९ साली विलेपार्ले येथे सुरू झालेल्या या कंपनीने १९३९ पासून बिस्किटे केली. पुढे ‘पार्ले’ म्हटले की बहुतेक भारतीयांना स्टेशन आठवण्याआधी बिस्किटे आठवू लागली. खास पार्लेकर सोडून, असे म्हणू या.

पार्ल्याच्या बिस्किटांची गोष्ट जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे. त्या बिस्किटांचे नाव तेव्हा ‘पार्लेज ग्लुको बिस्किट्स’ होते. वेष्टनावर एक मुलगी होती; तिच्या हातात बादली. भोवती गाई, कोंबड्या आणि मागे शेतातले घर. म्हैसूरच्या जे. पी. आणि कंपनीने ‘ग्लुकोज बिस्किट्स’ बाजारात आणली. त्यांच्याही वेष्टनावर मुलगी, गाई, कोंबड्या आणि मागे शेतातले घर होते. ही मुलगी मात्र हाती विळा घेऊन उभी होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७२ साली न्यायालयाने पार्लेच्या बाजूने निकाल दिला. त्यामागचा विचार मोठा शास्त्रीय आहे. दोन वेष्टने शेजारी शेजारी ठेवून फरक मोजायचे नसतात. कारण गिऱ्हाईक दुकानात जाताना जुने वेष्टन बरोबर घेऊन जात नाही. ते त्याच्या आठवणीत असते, आणि तेही अंधूक. तेव्हा विळा की बादली, हे पाहू नये. सामान्य माणसाच्या मनावर उमटणारा एकूण ठसा एक आहे की नाही, ते पाहावे.

या गोष्टीचा पुढचा भाग निकालाइतकाच बोलका आहे. वेष्टन वाचले, पण ‘ग्लुको’ या शब्दाचे काय? ग्लुकोज ही तर साखर आहे. प्रत्येक जण आपापली ‘ग्लुकोज बिस्किटे’ विकू लागला. शेवटी १९८० नंतरच्या दशकात कंपनीने नाव बदलून ‘पार्ले-जी’ केले. जो शब्द सर्वांचा होता तो एका अक्षरापुरता राहिला, आणि जो खरोखर आपला झाला होता तो पुढे आला.

गावाचे नाव गावाने सांभाळावे

म्हणजे बोर्लीच्या किंवा श्रीवर्धनच्या नावाला काहीच संरक्षण नाही का? आहे, पण ते एकट्याला मिळत नाही. १९९९ मध्येच दुसरा एक कायदा झाला, भौगोलिक मानांकनाचा. एखाद्या मालाचा गुण किंवा लौकिक त्या प्रदेशाच्या माती-पाण्यामुळे अथवा तेथील कसबामुळे आलेला असेल, तर त्या प्रदेशाचे नाव तेथील सर्व उत्पादकांच्या वतीने नोंदवता येते. आपल्याच जिल्ह्यातल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला असे मानांकन मिळालेले आहे. त्याचा जुना पुरावा म्हणून कोलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरचा उपयोग झाला, हे इतिहासाच्या शिक्षकांना ऐकून बरे वाटेल! ‘हापूस’ला २०१८ साली मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. बोर्लीचा बागाईतदार रीतसर नाव नोंदवून ते मानांकन वापरू शकतो. परमुलखातला आंबा ‘हापूस’ म्हणून खपवला जातो तेव्हा याच बागाईतदाराच्या पदरचे पैसे जातात. तेव्हा हा नुसता शब्दांचा खेळ नाही.

मात्र मानांकनालाही मर्यादा आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान येथे कोल्हापुरी वहाणांसारख्या चपला दाखवल्या आणि महाराष्ट्रात मोठा गहजब झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून मानांकन आहे. पण ते मुख्यतः नावाचे रक्षण करते. प्राडाने ‘कोल्हापुरी’ हा शब्द वापरलाच नव्हता. त्या वेळी झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली; मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी स्वतः दाद मागावी, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. नाव राखणे आणि रूप राखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणात सर्वांना कळले.

ज्या नावांना हात लावायचा नाही

रायगड जिल्ह्यातला माणूस नाव शोधू लागला की त्याला शिवछत्रपतींची आठवण होणारच. १६७४ साली याच जिल्ह्यातल्या गडावर राज्याभिषेक झाला. पण सरबताला महाराजांचे नाव देता येणार नाही. बोधचिन्हे व नावे यांचा अनुचित वापर रोखणारा १९५० चा एक कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत राष्ट्रध्वज, अशोकचक्र, संयुक्त राष्ट्रसंघाचे चिन्ह यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आणि श्रीमती इंदिरा गांधी यांची नावे व चित्रे आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून धंद्यासाठी त्यांचा वापर करता येत नाही. धार्मिक भावना दुखावणारी, लोकांना फसवणारी, किंवा बीभत्स चिन्हेही बाद होतात. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी आपल्या एकट्याचे असावे, अशी एकाची इच्छा होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ती नाकारली.

तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकाचेही रक्षण या कायद्याने केले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तेरावे कलम म्हणते की रासायनिक पदार्थासाठी कोणत्याही मूलद्रव्याचे किंवा संयुगाचे प्रचलित नाव नोंदवता येणार नाही. म्हणून ‘क्लोरीन’ कोणा कंपनीचे होऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना औषधी द्रव्यांची जी आंतरराष्ट्रीय नावे ठरवते, तीही मोकळी राहतात. ‘पॅरासिटामॉल’ हे सर्वांचे नाव आहे. ‘क्रोसिन’ हे एकाचे. औषधाच्या पट्टीवर ही दोन्ही नावे तुम्हाला दिसतील. डॉक्टरांना आणि रोग्याला पहिले नाव मोकळे असणे किती आवश्यक आहे, हे सांगायला नको.

आकार, नाद आणि गंध

शब्द आणि चित्रे यांपलीकडेही खुणा असतात. ‘याहू’ या कंपनीची गळ्यातून काढलेली लांबलचक आरोळी २००८ साली भारतात नोंदली गेली; आपल्याकडची ती पहिली ध्वनिखूण. २०१७ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या इमारतीच्या रूपाचीच व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. बाटलीचा विशिष्ट आकार नोंदवता येतो. मग तुमच्या सरबताची बाटली हातातून निसटू नये म्हणून तुम्ही तिला खोबणी पाडल्या, तर त्या नोंदवता येतील का?

नाही. येथे एक सुंदर तत्त्व आहे. नवा शोध लावणाऱ्याला पेटंट मिळते; पण ते वीस वर्षांचे असते. मुदत संपली की ते ज्ञान सर्वांचे होते. व्यापारचिन्हाची नोंद मात्र दहा वर्षांची असली तरी दर वेळी नूतनीकरण करीत ती शतकानुशतके चालवता येते. तांत्रिक कामासाठी लागणारा आकार जर व्यापारचिन्ह म्हणून नोंदला, तर पेटंटच्या पुढच्या दाराने बाहेर पडलेला शोध मागच्या दाराने पुन्हा कोंडला जाईल! म्हणून कायदा असे आकार स्वीकारत नाही. तीन पात्यांच्या विजेच्या दाढीयंत्राचे डोके आपल्याच नावे राहावे यासाठी फिलिप्स कंपनी भांडली. युरोपीय न्यायालयाने २००२ मध्ये तिच्याविरुद्ध तत्त्व सांगितले. ‘लेगो’ या खेळातल्या विटा तुम्ही पाहिल्या असतील. वरच्या गोल खुंट्या खालच्या पोकळीत बसतात आणि विटा एकमेकींना धरून राहतात. खुंट्या शोभेसाठी नाहीत, कामासाठी आहेत. म्हणून २०१० मध्ये लेगोलाही तेच उत्तर मिळाले.

गंधाची गोष्ट याहून गमतीची आहे. कायद्याने चिन्ह कागदावर दाखवता आले पाहिजे. वास कागदावर कसा दाखवणार? युरोपात सीकमन नावाच्या अर्जदाराने मिथाइल सिनॅमेट या द्रव्याचा वास नोंदवायचा प्रयत्न केला. त्याने रासायनिक सूत्र दिले, शब्दांत वर्णन केले आणि बाटलीत नमुनाही दिला. २००२ च्या निकालात तिन्ही अपुरे ठरले. सूत्र द्रव्याचे असते, वासाचे नव्हे. शब्दांचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावील. आणि नमुना हळूहळू उडून जाईल. तुम्हीच सांगा, यातला कोणता मुद्दा खोडून काढता येईल?

भारतात यावर एक निराळी वाट शोधली गेली. जपानच्या सुमितोमो रबर कंपनीला टायरला दिलेला गुलाबाचा वास नोंदवायचा होता. ब्रिटनमध्ये तो १९९६ सालीच नोंदला गेला होता. आपल्याकडे अलाहाबादच्या भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांच्या मदतीने त्या गंधाची मांडणी सात मितींच्या सदिशाने करण्यात आली. फुलासारखा, फळासारखा, लाकडासारखा, गोडसर, उग्र अशा सात गुणांपैकी प्रत्येक किती, याची ती सात आकड्यांची जोडणी. भूमितीत आपण बिंदूची जागा दोन किंवा तीन आकड्यांनी सांगतो, तशीच ही गंधाची जागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नोंदणी कार्यालयाने हा अर्ज जाहिरातीसाठी स्वीकारला. आणि मुख्य मुद्दा लक्षात घ्या. रबराला गुलाबाचा वास मुळात येत नाही, म्हणून तो खूण होऊ शकतो. अत्तराला गुलाबाचा वास किंवा तुमच्या सरबताला रातांब्याचा वास ही खूण नव्हे; तो मालाचा स्वभाव आहे.

आधी कोण आले?

नाव योग्य असले तरी ते दुसऱ्याच्या नावासारखे नको. मुंबईच्या शांग्रिला कंपनीला बिस्किटांसाठी ‘ग्लुविटा’ हे नाव हवे होते. बाजारात ‘ग्लुकोविटा’ होते. १९६० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्लुविटा’ नाकारले. एक अक्षर गाळले तरी कान फसतोच. वेगळ्या वर्गातल्या मालावर तेच नाव चालू शकते. सर्व माल व सेवा यांचे ४५ वर्ग केलेले आहेत. सरबते बत्तिसाव्या वर्गात येतात, औषधे पाचव्यात. ‘टिटवी’ नावाचा साबण असला तरी ‘टिटवी’ सरबताला सहसा अडचण येऊ नये. पण नाव जगप्रसिद्ध असेल तर हीही सवलत नाही. एका व्यापाऱ्याने चड्ड्यांना ‘बेंझ’ नाव दिले होते. मोटारींचा आणि चड्ड्यांचा संबंध काय, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयाला १९९४ मध्ये पटला नाही.

आणि अर्ज आधी करणाराच जिंकतो असेही नाही. कोविडच्या साथीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोविशील्ड’ या नावाची लस आणली. नांदेडच्या क्युटिस बायोटेक या संस्थेने जंतुनाशकांसारख्या वस्तूंसाठी त्याच नावाचा अर्ज एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे सीरमच्या अर्जाआधी केलेला होता. तिने न्यायालयात धाव घेतली. पण लस सिद्ध करण्याच्या कामात सीरमने ते नाव त्याआधीच वापरायला घेतले होते, असे कागदपत्रांवरून दिसले. शिवाय तोवर देशभर ‘कोविशील्ड’ म्हणजे लस हे समीकरण झाले होते. मध्येच नाव बदलले असते तर लसीकरणात गोंधळ माजला असता. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये नांदेडच्या संस्थेचे अपील फेटाळले. तेव्हा सरबताची पहिली बाटली विकाल त्या दिवसाची पावती जपून ठेवा.

फार गाजलेले नाव

शेवटी एक विचित्र संकट. नाव इतके गाजते की ते वस्तूचेच नाव होऊन बसते! बायर कंपनीने १८९९ मध्ये घडवलेला ‘ॲस्पिरिन’ हा शब्द अमेरिकेत १९२१ साली सर्वांचा झाला. ‘एस्कलेटर’ हेही एके काळी एका कंपनीचे चिन्ह होते. १९५० मध्ये ते गेले. आपल्याकडे वनस्पती तुपाला सर्रास ‘डालडा’ म्हणत. आणि ‘झेरॉक्स’? गावोगावच्या पाट्यांवर तो शब्द दिसतो. “या पानाची झेरॉक्स काढून आण” असे गुरुजीही म्हणतात. ते चिन्ह भारतात रद्द करावे असा अर्ज झाला होता. बौद्धिक संपदा अपील मंडळाने २०१२ मध्ये तो नाकारला. म्हणजे कायद्याने तो शब्द अजून त्या कंपनीचाच आहे, बोलीत मात्र तो केव्हाच आपला झाला आहे. ही रस्सीखेच कोण जिंकेल, ते तुम्ही मोठे व्हाल तेव्हा पाहा.

नोंदणीची रीत थोडक्यात अशी. मुख्य कार्यालय मुंबईत आहे; अर्ज संगणकावरूनही करता येतो. संगणकावरून अर्ज केल्यास व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला २०१७ च्या नियमांप्रमाणे एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क पडते, मोठ्यांना ९,०००. आधी तेच नाव कोणी घेतले आहे का, हे कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. तपासणीत अर्ज टिकला तर तो व्यापारचिन्हांच्या नियतकालिकात छापतात आणि चार महिने हरकतींची वाट पाहतात.

करून पाहा : घरातली आणि वाण्याच्या दुकानातली वीस रिकामी वेष्टने गोळा करा. नावाशेजारी वर्तुळात ‘आर’ हे इंग्रजी अक्षर असेल तर ते नोंदलेले आहे. नोंद नसताना ते छापणे कायद्याने दंडनीय आहे. ‘टीएम’ ही अक्षरे असतील तर मालक त्या नावावर हक्क सांगत आहे एवढाच अर्थ. आता नावांचे पाच ढीग करा : वस्तूचे नुसते नाव, वर्णन, इशारा, मालाशी संबंध नसलेला शब्द आणि घडवलेला शब्द. काही नावे कोणत्या ढिगात टाकावीत यावर वर्गात भांडण होईल. तसे झाले तर शिक्षकांनी दोन वकील आणि एक न्यायाधीश नेमावा, आणि न्यायाधीशाने वेष्टने शेजारी शेजारी ठेवून पाहू नयेत.